रांगा चार, अ‍ॅरे मात्र एकच

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत गेले काही आठवडे जावास्क्रिप्टच्या आधारे प्रोग्रॅमिंगची ओळख करून देणारी लेखमाला प्रसिद्ध होत आहे. हा विषय मराठीतून इतक्या सविस्तरपणे मांडला जातो आहे याचा आनंद, अनेक वर्षे हेच शिकवत आल्यामुळे, मला इतरांपेक्षा काकणभर अधिकच आहे. तरीही क्रमवार घरांची यादी असणाऱ्या अ‍ॅरेविषयीच्या भागातील एक विधान आणि एक उदाहरण यांबद्दल लिहिणे भाग पडले. विधान असे की, स्क्रिप्टिंग भाषेत व्हेरिएबल (किंमत ठेवायचे नाव) आधी डिक्लेअर, म्हणजे जाहीर, करण्याची कटकट नसते, नाव लिहून किंमत दिली की काम भागते, आणि म्हणून नवशिक्याला ती सोपी जाते. उदाहरण हजेरीच्या तक्त्याचे आहे: चार विद्यार्थी, सहा दिवस, आणि तक्ता तयार करण्यासाठी चार घरांचा अ‍ॅरे घेऊन 'फिल' या मेथडने त्यात सहा रिकाम्या घरांचा अ‍ॅरे भरणारी एकच सुटसुटीत ओळ. विधान अर्धवट खरे आहे, उदाहरण मात्र सरळसरळ चुकीचे आहे, आणि दोन्हींच्या मुळाशी गैरसमज एकच आहे असे मला वाटते.

हे उदाहरण जसेच्या तसे टाइप करून माझी एक विद्यार्थिनी गेल्या आठवड्यात लॅपटॉप घेऊन आली. "सर, मी फक्त पहिल्या रांगेत 'ह' लिहिला, मग तो चारही रांगांत कसा उमटला?" असा तिचा प्रश्न होता. तिने पहिल्या विद्यार्थ्याच्या तिसऱ्या दिवसाच्या घरात हजेरीचा 'ह' ठेवला होता आणि स्क्रीनवर तिसऱ्या स्तंभात वरपासून खालपर्यंत चार 'ह' उभे होते. कुठेतरी लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा कोड, चार वेळा फिरतो आहे असा तिचा पक्का समज झाला होता आणि एक संपूर्ण संध्याकाळ तिने तो लूप शोधण्यात घालवली होती. लूप नव्हताच. बरे, तिने शहाणपणाने 'ह' लिहिणाऱ्या ओळीच्या आधी आणि नंतर अशा दोन्ही ठिकाणी तक्ता कन्सोलवर, म्हणजे ब्राउझरच्या संदेशखिडकीत, छापून पाहिला होता. पण पहिल्या छापाईचा बाण दाबून आतल्या रांगा उलगडल्या तर तिथेही 'ह' आधीच हजर! लिहिण्यापूर्वीच लिहिले गेलेले दिसल्यावर कोणाचीही मती गुंग होईल.

इथे दोन गोष्टी एकावर एक चढल्या होत्या. कन्सोलवर अ‍ॅरे छापला की ब्राउझर त्याचा फोटो काढून ठेवत नाही, तो त्या अ‍ॅरेकडे बोट दाखवून ठेवतो, आणि आपण बाण दाबून उलगडतो त्या क्षणी आत जे असेल ते दाखवतो. बाण दाबेपर्यंत प्रोग्रॅम पुढे निघून गेलेला असतो, त्यामुळे 'आधी'च्या छापाईतही 'नंतर'चे चित्र दिसते. म्हणून मी तिला प्रथम तक्त्याचे जेसनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात, रूपांतर करून तो मजकूर छापायला लावला. मजकूर एकदा छापला की बदलत नाही. आता आधीचा तक्ता कोरा दिसू लागला आणि लिहिण्याच्या एकाच ओळीने चार घरे बदलतात एवढे निश्चित झाले. मग दुसरी तपासणी: पहिली रांग आणि दुसरी रांग यांच्यामध्ये तिहेरी बरोबरचे चिन्ह ठेवून विचारले, तर उत्तर 'ट्रू' आले. अ‍ॅरेच्या बाबतीत हे चिन्ह आतला मजकूर सारखा आहे का हे विचारत नाही, दोन्ही बाजूंना वस्तू एकच आहे का हे विचारते. दोन वेगवेगळ्या कोऱ्या रांगा असत्या तर उत्तर 'फॉल्स' आले असते. तक्त्याला रांगा चार होत्या, अ‍ॅरे मात्र एकच होता.

'फिल' जे करते ते अगदी चोख करते. तिला दिलेला अ‍ॅरे आधीच तयार झालेला असतो, आणि त्याचाच पत्ता, म्हणजे रेफरन्स, ती चारही घरांत ठेवते. शून्य किंवा अक्षर भरायचे असते तेव्हा यातून काही बिघडत नाही, कारण शून्याच्या आत जाऊन काही बदलता येत नाही. घरातले शून्य काढून दुसरा आकडा ठेवावा लागतो आणि शेजारच्या घराला त्याचा पत्ताही लागत नाही. अ‍ॅरे मात्र आतून बदलता येतो. त्यामुळे हीच ओळ साध्या अ‍ॅरेसाठी वर्षानुवर्षे बिनचूक चालते आणि अ‍ॅरेच्या आत अ‍ॅरे आला की पहिल्याच दिवशी दगा देते. दुरुस्ती फार मोठी नाही. 'अ‍ॅरे डॉट फ्रॉम'ला लांबी चार सांगून सोबत एक फंक्शन द्यावे, जे दर वेळी नवा सहा घरांचा अ‍ॅरे तयार करून देईल. चार वेळा बोलावले की चार वेगळ्या रांगा मिळतात.

हा दोष एकट्या जावास्क्रिप्टचा आहे असेही कोणी समजू नये. पायथनमध्ये तीन शून्यांची लिस्ट कंसात ठेवून तिला चाराने गुणले की अगदी हेच घडते, आणि तिथल्या अधिकृत दस्तऐवजांतील नेहमीच्या प्रश्नांच्या यादीत 'बहुमितीय लिस्ट कशी करावी' हा प्रश्न त्याच कारणासाठी घातलेला आहे. उलट पीएचपीमध्ये एका व्हेरिएबलचा अ‍ॅरे दुसऱ्याला दिला की व्यवहारात त्याची प्रत मिळते, त्यामुळे पीएचपीवरून जावास्क्रिप्टकडे आलेला अनुभवी माणूससुद्धा इथे हमखास आपटतो. पर्लची तऱ्हा तिसरीच: तिथे कंसाच्या आत साधा कंस लिहिला तर आतली यादी बाहेरच्या यादीत विरघळून सपाट होते आणि खऱ्या अर्थाने अ‍ॅरेत अ‍ॅरे हवा असेल तर रेफरन्स उघडपणे लिहावा लागतो. मला हे पर्लचे सर्वांत प्रामाणिक वळण वाटते, कारण आपण वस्तू ठेवतो आहोत की वस्तूचा पत्ता, हे तिथे लिहिणाऱ्याला स्वतःच्या हाताने लिहावे लागते.

आता डिक्लेरेशनच्या 'कटकटी'विषयी. १९९५ च्या मे महिन्यात ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा सुमारे दहा दिवसांत उभा केला. त्या भाषेत डिक्लेअर न केलेल्या नावाला किंमत दिली की ते नाव ग्लोबल, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमभर दिसणारे, होऊन बसते. एखादे नाव वाचायला गेलो आणि ते अस्तित्वातच नसले तर एरर येते. पण लिहायला गेलो तर भाषा निमूटपणे नवे नाव जन्माला घालते. म्हणजे चूक अर्धीच पकडली जाते. मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना याचा फटका अधिक बसतो. 'एकूण' हे नाव सुरुवातीला यू वापरून लिहिले आणि वीस ओळींनंतर बेरीज ठेवताना बरोबरच्या चिन्हाच्या फक्त डाव्या बाजूला सवयीने दोन ओ घालून लिहिले, तर उत्तर दुसऱ्याच व्हेरिएबलमध्ये जाते, पहिले शून्यावरच राहते, आणि शेवटी छापले जाते ते पहिले. एरर नाही, इशारा नाही, फक्त उत्तर चुकीचे. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी 'बेरीज शून्यच येते' ही तक्रार या एकाच कारणाने इतक्यांदा आली आहे की, हल्ली मी कोड वाचण्याआधी नावांची स्पेलिंगे वाचतो.

ही चर्चा काही आजची नाही. १९५७ मध्ये आलेल्या फोर्ट्रानमध्येही डिक्लेरेशनवाचून चालत असे, आणि नावाचे पहिले अक्षर आय ते एन यांपैकी असेल तर ते व्हेरिएबल पूर्णांकाचे, नाहीतर अपूर्णांकाचे, असा नियम होता. पुढे 'इम्प्लिसिट नन' लिहून हा आपोआपपणा बंद करणे हाच त्या भाषेतला शिष्टाचार बनला. जावास्क्रिप्टनेही तोच रस्ता धरला. डिसेंबर २००९ च्या पाचव्या आवृत्तीत 'यूज स्ट्रिक्ट' हा मंत्र आला, जो फाइलच्या पहिल्या ओळीत लिहिला की डिक्लेअर न केलेल्या नावाला किंमत देणे हीच एरर ठरते. जून २०१५ च्या सहाव्या आवृत्तीत नावे डिक्लेअर करणारे 'लेट' आणि 'कॉन्स्ट' हे शब्द आले. मॉड्यूल, म्हणजे इतर फाइलींना वापरता येणारा स्वतंत्र भाग, म्हणून लिहिलेला कोड तर आता आपोआपच स्ट्रिक्ट असतो, त्यामुळे लेखमालेतील 'नाव लिहा, किंमत द्या' हा सल्ला मॉड्यूलमध्ये पाळला तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबेल. वाचकाला मग प्रश्न पडेल की चूक आपली की पुरवणीची.

डिक्लेरेशन आणि नेस्टेड, म्हणजे एकात एक असलेले, अ‍ॅरे हे दोन वेगळे धडे आहेत असे लेखमालेच्या मांडणीवरून वाटते. ते एकमेकांत किती गुंतलेले आहेत हे एका उदाहरणाने दाखवतो, आणि संपादकांनी इथे थोडी जागा द्यावी अशी विनंती आहे. समजा, बाहेरचा लूप तक्त्याच्या एकेका रांगेवरून फिरतो आणि प्रत्येक रांग बेरीज करणाऱ्या फंक्शनकडे पाठवतो. त्या फंक्शनमधला लूप रांगेतल्या घरांवरून फिरतो. दोन्हीकडे मोजणीसाठी 'आय' हेच नाव वापरले आहे आणि कुठेच डिक्लेअर केलेले नाही. साहजिकच 'आय' एकच, ग्लोबल. चार रांगा आणि सहा घरांचा तक्ता दिला, तर पहिल्या रांगेची बेरीज संपते तेव्हा 'आय' सहावर पोहोचलेला असतो, बाहेरचा लूप त्यात एक मिळवून सात करतो, सात हे चारपेक्षा मोठे म्हणून काम संपले असे समजतो, आणि फक्त एका विद्यार्थ्याची बेरीज छापून प्रोग्रॅम शांतपणे थांबतो. आता त्याच कोडला सहा रांगा आणि तीन घरांचा तक्ता द्या. आतला लूप 'आय'ला तीनवर सोडतो, बाहेरचा चार करतो, चार सहापेक्षा लहान म्हणून पाचवी रांग घेतली जाते, आतला लूप पुन्हा तीनवर सोडतो, पुन्हा चार, पुन्हा पाचवीच रांग, आणि ब्राउझरची ती खिडकी गोठून जाते. (मोजणी शून्यापासून असल्यामुळे क्रमांक चारची रांग ही पाचवी, हे नवशिक्यांसाठी.) कोडचे एक अक्षर बदललेले नाही, तक्त्याचा आकार तेवढा बदलला. जो माणूस दुसऱ्या तक्त्याकडे पाहून 'मोठ्या डेटावर लटकतो' असे निदान करील तो आयुष्यभर चुकीच्या जागी शोधत राहील. कारण एका 'लेट'च्या अभावाचे आहे, आणि तो दोन्ही लूपच्या कंसात लिहिला की दोन्ही 'आय' वेगळे होतात. 'व्हार' या डिक्लेअर करण्याच्या जुन्या शब्दाने फंक्शनच्या सीमेपुरते हे काम भागते, पण एकाच फंक्शनमध्ये लूपच्या आत लूप असेल आणि दोन्हींत 'व्हार आय' लिहिले असेल तर ते पुन्हा एकच व्हेरिएबल असते, कारण 'व्हार'ला महिरपी कंसाची हद्द माहीत नाही.

पायथन शिकणाऱ्यांनी यावर हुरळून जाऊ नये. तिथे फंक्शनच्या आत कुठेही एखाद्या नावाला किंमत दिली की ते नाव त्या संपूर्ण फंक्शनपुरते लोकल ठरते, आणि मग बाहेर किंमत असलेल्या नावात एक मिळवायला गेले की 'अनबाउंड लोकल' ही एरर येते. निदान ती एरर तरी येते, हा भाग वेगळा.

'कॉन्स्ट'विषयी मात्र एक गोड गैरसमज आहे, जो जाणत्यांच्या बोलण्यातही ऐकू येतो. तक्ता 'कॉन्स्ट'ने डिक्लेअर केला की तो सुरक्षित झाला असे मानले जाते. 'कॉन्स्ट' फक्त नावाला बांधून ठेवते: हे नाव यापुढे दुसऱ्या वस्तूकडे वळणार नाही, एवढीच तिची हमी. वस्तूच्या आत कोणी काय लिहितो याच्याशी तिला देणेघेणे नाही. 'ऑब्जेक्ट डॉट फ्रीझ' वस्तू गोठवते, पण वरच्या थराची. तक्ता गोठवला तरी आतल्या रांगेतले घर बदलताच येते. प्रत काढण्याचेही तसेच. तीन टिंबांचा स्प्रेड वापरून तक्त्याची 'सुरक्षित प्रत' बाजूला ठेवणारे अनेक जण पाहिले आहेत, आणि मूळ तक्ता बिघडल्यावर प्रतही तितकीच बिघडलेली पाहून त्यांचे चेहरे पडलेलेही पाहिले आहेत, कारण स्प्रेडने बाहेरचा अ‍ॅरे नवा होतो आणि आतल्या रांगा त्याच राहतात. जेसनमधून फिरवून आणलेली प्रत खोलवर वेगळी असते खरी, पण त्यात तारखा मजकूर होऊन बसतात आणि अनडिफाइन्ड, म्हणजे किंमतच न दिलेल्या, घरांच्या जागी नल, म्हणजे 'काही नाही' ही किंमत, येतो. आताच्या ब्राउझरमध्ये 'स्ट्रक्चर्ड क्लोन' आहे, तो या कामासाठी चांगला.

आणखी एक गोष्ट शिकवली जात नाही, ती म्हणजे एररचा संदेश कसा वाचावा. चार रांगांच्या तक्त्यात शून्यापासून मोजता क्रमांक चारची रांग नसतेच. त्या नसलेल्या रांगेतले क्रमांक दोनचे घर मागितले की क्रोम सांगतो: अनडिफाइन्डचा 'दोन' हा गुणधर्म वाचता येत नाही. विद्यार्थी संदेशातला 'दोन' पाहतो आणि घराचा क्रमांक तपासत बसतो. गुन्हेगार असतो चार, ज्याचा संदेशात उल्लेखही नाही. फायरफॉक्सचा संदेश कोणता भाग अनडिफाइन्ड निघाला तेही सांगतो, म्हणून अशा वेळी मी तोच प्रोग्रॅम दुसऱ्या ब्राउझरमध्ये चालवून पाहायला सांगतो. उलटपक्षी रांग बरोबर आणि घराचा क्रमांक हद्दीबाहेरचा असेल तर एरर येतच नाही, अनडिफाइन्ड मिळते. ते बेरजेत मिसळले की उत्तर 'नॅन' होते, म्हणजे जी संख्याच नव्हे अशी संख्या. आणि सहा घरांच्या रांगेत क्रमांक नऊच्या घरात काही लिहिलेच तर भाषा तक्रार न करता रांग दहा घरांची करते व मधली तीन घरे रिकामी भोके म्हणून सोडते. म्हणून तक्ता वागत नसेल तर मी आधी प्रत्येक रांगेची लांबी छापून घेतो. सहा, सहा, दहा, सहा असे आकडे दिसले की पुढे फार शोधावे लागत नाही. अशा ठिकाणी प्रश्नचिन्ह आणि टिंब असलेली 'ऑप्शनल चेनिंग' पेरून एरर गप्प करण्याची फॅशन आली आहे. नसलेली रांग हा खरोखरच अपेक्षित प्रसंग असेल तर तिचा उपयोग जरूर करावा, पण कारण न कळता ती घालणे म्हणजे ताप मोजायचा नाही म्हणून थर्मामीटर लपवणे झाले.

नवशिक्याला पहिल्याच आठवड्यात रेफरन्स आणि स्कोपच्या, म्हणजे नाव कुठवर दिसते याच्या, गोष्टी सांगितल्या तर तो पळून जाईल, असा लेखकाचा विचार असू शकतो, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. माझा आग्रह पारिभाषिक शब्दांचा नाहीच. उत्तर चुकले की दोनच प्रश्न विचारायला शिकवावे: हे नाव नेमके कोणते, आणि या नावामागची वस्तू नेमकी कोणती? यू आणि ओचा घोटाळा, ग्लोबल 'आय', लोकल ठरलेले पायथनचे नाव हे सगळे पहिल्या प्रश्नात सापडतात. 'फिल'चा तक्ता, स्प्रेडची प्रत, कॉन्स्टचा गैरसमज, कन्सोलचा बाण हे दुसऱ्यात. माझ्या त्या विद्यार्थिनीने हे प्रश्न स्वतःहून विचारले असते तर तिची संध्याकाळ वाचली असती. आता ती तिहेरी बरोबरचे चिन्ह इतक्या संशयाने सगळीकडे लावून पाहते की मलाच तिला आवरावे लागते.

तेव्हा विनंती अशी की, पुढील भागात त्या उदाहरणाची दुरुस्ती ठळकपणे द्यावी, 'फिल'ची ओळ काढून 'अ‍ॅरे डॉट फ्रॉम'ची ओळ घालावी, आणि लेखमालेतील यापुढील प्रत्येक उदाहरणाच्या डोक्यावर 'यूज स्ट्रिक्ट' लिहून नावे 'लेट' किंवा 'कॉन्स्ट'ने डिक्लेअर करावीत. दुरुस्तीसोबत जुन्या आणि नव्या ओळीने मिळणारे दोन्ही तक्ते शेजारी शेजारी छापता आले तर उत्तम: एकात तिसऱ्या स्तंभात चार 'ह', दुसऱ्यात एकच. जागेची अडचण असल्यास माझ्या पत्रातील पर्ल आणि फोर्ट्रानचा मजकूर खुशाल कापावा. तक्त्यांच्या चारही रांगा मात्र पूर्ण छापाव्यात.

आपला नम्र,
प्रोग्रॅमिंग शिकवणारा एक वाचक